चरातला माणूस

इस्पितळातून घरी आल्यापासून म्हातारी नेस्टा धड जेवत नव्हती. सूप पुढे केलं की दोन चमचे घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. त्या दिवशी सकाळी मात्र ती आपणहून बोलली.

"बास आणा गं पोरींनो. लोण्यात भाजू. दुकानातला नको, आपल्या किनाऱ्यावरचा."

पोरी म्हणजे तेगवेन आणि मारेद. थोरलीने पन्नाशी ओलांडली होती, धाकटी पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. तेगवेन पोस्टाची गाडी चालवायची, मारेद गुरांच्या डॉक्टरकडे कामाला होती. गळ टाकायला दोघींना बापानेच शिकवलं होतं. आई काहीतरी खायला मागतेय, एवढंच त्यांना पुरे होतं.

बास म्हणजे आपल्या जिताड्याचा थंड पाण्यातला भाऊबंद. पाठीवर काट्यांचा पंखा, अंगावर चांदी आणि चाल चोराची. खोल समुद्रात लांबवर गळ फेकणाऱ्याला तो क्वचितच गावतो. भरतीचं पाणी वाळू उकरत पुढे सरकतं, खेकडे उघडे पडतात, आणि त्यांना टिपत हा फेसाखालून पार गुडघाभर पाण्यात शिरतो. म्हणून वेल्सच्या त्या किनाऱ्यावरचे जाणते लोक आधी ओहोटीला जाऊन रिकामी वाळू बघून ठेवतात. वाळूत जिथे चर असेल, तीच माशाची वाट.

दुपारी पाणी पार मागे गेलं होतं तेव्हा दोघी खाली उतरल्या. चर या वर्षी चांगलाच खोल झाला होता. तेगवेन तळाशी उतरून उभी राहिली तर तिच्या डोक्याच्या वर वाळूची कड. तळाशी कुजलेल्या शेवाळाचा वास कोंडला होता. ती घाईने वर आली आणि किनाऱ्याकडच्या काठावर तिने वाहून आलेलं एक लाकूड ठोकलं.

"या खुंटीच्या पुढे पाऊल टाकायचं नाही," तिने बजावलं.

"हो गं बाई! अजून हात धरून रस्ता ओलांडायला लाव मला."

"लावीन. तुझा काय भरवसा?"

थर्मासमधला चहा संपेपर्यंत पाणी वळलं. आधी चर भरला, मग काठ ओला झाला. खुंटीच्या बऱ्याच अलीकडे, घोटाभर पाण्यात दोघी उभ्या राहिल्या. कात टाकायला आलेले मऊ खेकडे सोलून त्यांनी गळाला दोऱ्याने बांधले आणि हलक्या हाताने समोरच, चरात सोडले.

तेगवेनच्या दोरीला दोन टोले बसले. मग दोरी एकदम सैल पडली. नवशिक्याला वाटतं, गेला. पण बास आमिष तोंडात धरून किनाऱ्याकडेच धावतो. ती झरझर मागे सरली, दोरी ताणली आणि गळाची काठी वाकली. थोड्या वेळाने हातभर लांबीचा मासा फेसात तडफडत होता.

"झालं आईचं काम. चल घरी," ती म्हणाली.

"एकच? आपण काय नुसता वास घ्यायचा?" मारेदने गळ पुन्हा टाकला. "अजून एक. माझा."

धुकं आलं ते तेव्हा. डोंगर गेला, चर्चचा मनोरा गेला, मग मागची वाळूही गेली. उरल्या त्या दोघी, ती खुंटी आणि तिच्या पलीकडचं थोडंसं करडं पाणी. लाटांचा आवाज दबला, जणू कुणी समुद्रावर घोंगडी टाकली होती.

"तेगवेन," मारेद हळूच म्हणाली, "आपल्या आधी कुणी आलं होतं का इथं?"

समोर एक माणूस उभा होता. डोक्यावर टोपी, अंगात जाड भिजका कोट. पाणी त्याच्या गुडघ्याला. गळ टाकणारा माणूस समुद्राकडे तोंड करतो. हा किनाऱ्याकडे, त्या दोघींकडे तोंड करून उभा होता. हात मोकळे. त्याच्या पायांभोवती मात्र पाणी उकळत होतं. बास होते ते, ढिगाने. काटेरी पंख वर येत होते, चांदी लकाकत होती.

"अहो, मासा तुमच्याच पायाशी आलाय की सगळा!" मारेदने हाक मारली.

त्याने एक हात सावकाश वर केला आणि बोलावलं. ये.

मारेद निघालीसुद्धा. तेगवेन क्षणभर बघत राहिली. काहीतरी चुकत होतं, पण काय ते कळेना. लाट आली ती त्याच्यावर फुटली नाही, नुसती त्याच्यातून पुढे आली... मग तिची नजर खुंटीवर गेली.

खुंटी त्याच्या अलीकडे होती.

"मारेद... थांब."

"काय झालं?"

"तो चरात उभा आहे."

"मग? गुडघाभर तर पाणी आहे त्याला."

"त्याच्या पायाखाली काय आहे मग? मारेद, मागे फिर!"

मारेद वळली, पण तोवर खुंटी तिच्या मागे पडली होती. काठाची वाळू सुटली. ती कमरेपर्यंत गेली, मग गळ्यापर्यंत. रबरी विजारीत पाणी भरलं आणि हातातली काठी सुटून गेली. एकदाच ती ओरडली, "ताणऽ" का "तेगऽ", ते धुक्याने गिळलं.

तेगवेनने विचार केला नाही. काठी मागे नेली आणि सख्ख्या बहिणीच्या अंगावर गळ फेकला. दोरीच्या टोकाचं शिसं मारेदच्या खांद्यापलीकडे पडलं. तिने चाचपडत दोरी धरली, मनगटाला वेढे घेतले. तेगवेन मागे सरू लागली, पाऊल पाऊल, मघाशी माशाला आणलं तशी. दोरी तळहातात रुतली, रक्त आलं. पण वजन भलतंच होतं. मारेदचं वजन तिला ठाऊक होतं, दारू चढलेली असताना तिला उचलून घरी आणलं होतं. हे वजन एकटीचं नव्हतं.

तिने समोर बघितलं. तो माणूस तिथे नव्हता.

मारेदची छाती काठाला लागली आणि त्याच क्षणी दोरी हलकी झाली. तेगवेन उताणी पडली, उठली, बहिणीला काखेत हात घालून वर ओढत नेलं. दोघी कोरड्या वाळूवर आडव्या झाल्या. कितीतरी वेळ मारेद नुसती खोकत होती.

"धरलं होतं त्यानं?" तेगवेनने विचारलं.

"कमरेला... दोन्ही हातांनी."

"खाली ओढत होता?"

मारेदने मान हलवली. तिचे दात वाजत होते.

"नाही गं. खाली नव्हता ओढत... मला धरून वर येत होता."

त्या संध्याकाळी आईने अर्धा मासा खाल्ला, बटाटे खाल्ले आणि काटे बाजूला काढता काढता बापाच्या आठवणी सांगितल्या. दोघींनी तिला काही कळू दिलं नाही. मारेद चुलीकडे पाठ करून बसली होती, तरी तिच्या कमरेवरचा गारठा जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या ओहोटीला तेगवेन एकटीच मारेदची काठी शोधायला गेली. ऊन लख्ख होतं. काठी मिळाली नाही. खुंटीपाशी, जिथे मारेदची छाती काठाला लागली होती तिथे, बुटांचे दोन ठसे होते. शेजारी शेजारी, खोल, टाचा समुद्राकडे. मधल्या भरत्यांनी खुंटी वाकवली होती. ठशांच्या कडा मात्र कोऱ्या करकरीत. येणारं पाऊल नव्हतं, जाणारं नव्हतं.

तिने ते चपलेने पुसले. वाळू पसरून, दाबून, सपाट केली.

पुढच्या दिवशी तिला राहवलं नाही. खुंटीपाशी काहीच नव्हतं. तिला हायसं वाटलं आणि ती परत फिरली. गावाकडच्या वाटेला लागण्याआधी, जिथवर वर्षातलं मोठ्यात मोठं उधाणही पोचत नाही तिथे, तिचे पाय थबकले. पांढऱ्या भुसभुशीत वाळूत दोन ठसे होते. शेजारी शेजारी, चवडे गावाकडे.

वारा सुटला होता, वाळू उडत होती. आणि त्या ठशांत पाणी अजून साचलेलं होतं.