वेचणारी : रत्ना

हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाचा, नियम साधा आहे. कागदावर टाचलेल्या वाळक्या झाडाची जुनी चिठ्ठी चुकीची असली, तरी काढायची नाही. शेजारी नवी चिकटवायची. मिशिगनच्या आमच्या युनिव्हर्सिटीत चार वर्षं मी हेच करतेय.

हॅलवर्ड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरने अडीचशे वर्षांपूर्वी पाकळ्या मोजून झाडांची घराणी लावली. केवढं नाव त्याचं! कोकणातलं प्रत्येक झाड मात्र रत्ना नावाच्या वैदिणीने वेचून, ओळखून त्याच्या हातात दिलेलं. त्याच्याच डायरीत सापडलं मला. आणि चिठ्ठीवर? 'वेचणारा : कोणी नाही.' अस्सं डोकं फिरलं माझं! कळलावीच्या वेलाच्या कागदावर मी नवी चिठ्ठी चिकटवली, 'वेचणारी : रत्ना.'

दुसऱ्या दिवशी कपाटात ओल्या मातीचा वास होता. वर पाइप गळत असेल, म्हटलं. तिसऱ्या दिवशी कळलावीचा देठ हिरवा दिसला. मी सायन्सवाली बाई, तीनदा स्कॅन केला. तिन्हीत हिरवाच.

शुक्रवारी आमचे बॉस, मनोहर सर, या संग्रहाच्या नव्या कॅटलॉगचं कव्हर दाखवायला आले. चाळीस वर्षं इथे काढलेला, पांढऱ्या केसांचा माणूस. जवळच्या नोव्हाय गावात त्यांच्या घरी गणपतीचे मोदक मी वळते. कव्हरवर त्यांचं एकट्याचंच नाव.

"सर, माझं नाव?"

"अगं नीलांबरी, आत थँक्स म्हटलंय ना! 'माय टीम' म्हणून."

"चार हजार कागद मी ओळखलेत. तुम्ही एक तरी उघडलात?"

"डोन्ट बी इमोशनल. नेक्स्ट टाइम बघू."

घरी काका म्हणायचं आणि इथे आपल्याच माणसाने केसाने गळा कापायचा! ते गेल्यावर मी कपाटाशी जाऊन ओरडलेच, "रत्नाबाई, हे बेणं कुठल्या घराण्यातलं, ते तुम्हीच सांगा!"

सोमवारी सर आले नाहीत. त्यांच्या बायकोचा, रेखाकाकूंचा, फोन आला. "अगं, शुक्रवारपासून घरीच नाहीत आले. गाडी तुमच्याच पार्किंगमध्ये आहे म्हणे."

मी कपाट उघडलं. कळलावी पुन्हा वाळलेली.

तिच्याखाली एक नवा कागद.

त्यावर पांढऱ्या केसांची बट, दोऱ्याने नीट टाचलेली.

'नाव : कोणी नाही. वेचणारी : रत्ना.'

शेजारी दुसरी चिठ्ठी, 'ओळखणारी : नीलांबरी.' अक्षर माझंच. डिंक अजून ओला होता.

चिठ्ठी काढायची नसते. मी कागद स्कॅनरवर ठेवला.