फरशीखालची मोजणी

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच घरात घडली, आणि त्या घरात मी अजून राहतो.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात असं लोक म्हणतात. ही सकाळची आहे. शुक्रवारची सकाळ. बाहेर लख्ख ऊन, शेजारी रेडिओ चालू, गल्लीत सोयाबीनच्या वड्या विकणाऱ्या टेम्पेवालीची हाक.

आणि फरशीखाली… माझी बायको.

माझं नाव कार्दी. सेमारांग शहराच्या उत्तर टोकाला, समुद्राला लागून आमची वस्ती. मी पाणी उपसायचे पंप दुरुस्त करतो. इथे हा धंदा कधी बसत नाही, कारण इथली जमीनच बसते. भरती आली की पाणी गल्लीत येतं, गल्लीतून घरात. मग लोक मातीचा भराव टाकून घराची जमीन उंच करतात. काही वर्षांनी परत. छत तिथंच राहतं. शेजारच्यांच्या दारातून आता वाकून आत जावं लागतं, आणि त्यांच्या खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसतात.

माझी बायको पालुपी शिकलेली होती. मी नाही. ती एका ठेकेदाराकडे सिव्हिल इंजिनिअर होती, आणि चाळिशी उलटल्यावर तिनं मास्टर्सला नाव घातलं.

माझी थोरली बहीण म्बाक यात्मी, म्बाक म्हणजे ताई, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "दप्तर घेतलंस का गं? आता वॉटरबॅग तेवढी राहिली असेल!"

पालुपी म्हणाली, "वॉटरबॅग कशाला, म्बाक? पाणी घरातच आहे की."

तिचा अभ्यास आमच्या वस्तीवरच होता. जमीन किती खचते आणि का. विद्यापीठाची माणसं यंत्र घेऊन आली आणि आमच्या पुढच्या खोलीत त्यांनी एक सळई जमिनीत घातली. चिखलाचे सगळे थर ओलांडून पार खाली, कडक वाळूपर्यंत. ती सळई हलत नाही. घर खाली जातं. त्यामुळे सळईच फरशीतून हळूहळू उगवतेय असं दिसायचं. गल्लीतली पोरं म्हणायची, "पालुपीबाई, पाणी घाला, फळं धरतील."

सळईशेजारी फरशीत एक पितळी खिळा ठोकला होता. दर शुक्रवारी सकाळी पालुपी ओल्या फरशीवर पालथी पडायची. गाल फरशीला. खिळ्यापासून सळईच्या टोकापर्यंत लोखंडी टेप धरायची, आणि मोठ्यानं आकडा सांगायची. मी तो मोठ्यानं परत म्हणायचो आणि तिच्या मोबाईलमध्ये घालायचो.

माझी तेवढीच मदत.

"मास," ती मला 'अहो' म्हणावं तसं म्हणायची, "ही जमीन ओल्या स्पंजासारखी आहे. वर वजन टाकलं की आणखी दबते. लोकांना वाटतं भराव टाकून घर वर काढलं. घर बुडवतायत ते."

मला तेव्हा पटायचं.

मग तिला डेंग्यू झाला. आठवडाभरात गेली.

तिच्या मार्गदर्शक बाई, बु हस्तुती, भेटायला आल्या. चहाला हात न लावता, मानानं 'पाक' म्हणजे श्रीयुत लावून म्हणाल्या, "पाक कार्दी, प्रबंध जवळजवळ लिहून झालाय. पण आकडे सलग दोन वर्षांचे लागतात. सहा महिने राहिलेत. तुम्ही दर शुक्रवारी मोजून पाठवाल? पदवी तिच्या नावानं मिळेल."

"पाठवीन," मी म्हणालो.

आणि पाठवलेही. एकटाच पालथा पडायचो, एकटाच आकडा म्हणायचो.

मग तिचा शंभरावा दिवस जवळ आला; त्या दिवशी आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी घरी दुआ होते.

म्बाक यात्मी दारात चपला हातात धरून उभी राहिली. घरात टाचेएवढं पाणी होतं.

"लोक दुआ म्हणायला येणार. बसणार कुठे? का लुंग्या वर धरून उभे राहणार सगळे?"

"भराव टाकला तर खिळा बुजेल, म्बाक."

"खिळा मोठा की तुझी बायको?"

पालुपी असती तर तिनं उत्तर दिलं असतं.

"बाईच्या शंभराव्याला माणसं चिखलात बसवलीस, तर वस्ती तोंडात शेण घालेल तुझ्या. मला काय, मी येईन गमबूट घालून."

मातीच्या गाड्या आल्या. मांडीएवढा भराव पडला. मजुरानं विचारलं, "सळईभोवती खड्डा ठेवायचा का?"

"आणि त्यात एखाद्या म्हाताऱ्याचा पाय मोडला तर?" म्बाक म्हणाली.

मजूर माझ्याकडे बघत राहिला.

"बुजवा," मी म्हणालो.

म्बाक नाही म्हणाली तो शब्द. मी म्हणालो.

शंभरावा दिवस छान झाला. चटया कोरड्या राहिल्या. तांदळाच्या पिठाचे आपेम सगळ्यांना पुरले. जाताना प्रत्येकानं नवी फरशी पायानं दाबून पाहिली आणि मान हलवली.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी मोबाईल घेऊन बसलो. सळईचं टोक जेमतेम फरशीच्या वर होतं. खिळा खाली, मातीत. काय मोजणार?

बु हस्तुतींना खरं सांगितलं तर आकड्यांची साखळी तुटली. पदवी गेली.

मी मागच्या आकड्यात दोन मिलिमीटर मिळवले. दर आठवड्याला साधारण तेवढाच फरक यायचा. पाठवून दिला.

मोबाईल खाली ठेवला, आणि…

सर्रर्र… खट्.

लोखंडी टेप. ओढलेला, आणि सोडलेला.

मला वाटलं शेजारी सुतार आला असेल. बाहेर जाऊन पाहिलं. शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप.

आत आलो.

सर्रर्र… खट्.

आवाज सळईपाशी होता. सळईपाशी आणि खाली.

पालुपीचा टेप कपाटातल्या खणात असतो. मी खण उघडला. टेप तिथंच होता. कोरडा. मी तो मुठीत घट्ट धरला…

सर्रर्र… खट्.

माझ्या मुठीत काही हललं नव्हतं.

दुपारच्या नमाजाची बांग होईपर्यंत ते चाललं. मध्येच थांबायचं. वाटायचं, संपलं. मग पुन्हा.

मी कुणाला बोललो नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा दोन मिलिमीटर मिळवले. पाठवले.

पुन्हा तेच. या वेळी जास्त घाईनं. सर्रर्र-खट्. सर्रर्र-खट्. हात दुखेपर्यंत कुणीतरी तेच तेच करतंय असं.

तिसऱ्या शुक्रवारी म्बाक यात्मी तळलेले मासे घेऊन आली. मी आकडा नुकताच पाठवला होता. ती नेहमीसारखी बोलतच आत शिरली. सून कशी उशिरा उठते, मिरची कशी महागली. बोलता बोलता थांबली.

म्बाक यात्मी बोलता बोलता कधी थांबत नाही.

"कार्दी… खाली कोण आहे?"

"खाली माती आहे, म्बाक."

"मग मोजतंय कोण?"

मी अजून तिला काहीच सांगितलं नव्हतं. 'मोजतंय' हा शब्द तिचा.

तिनं माशांचा डबा फरशीवरच ठेवला आणि उलट्या पावली दाराकडे गेली. उंबऱ्यावरून म्हणाली, "तिला पसंत नाही पडलेलं काहीतरी. तू काय केलंस?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

पालुपी जिवंत असताना मी कधी आकडा चुकीचा म्हणालो, एखादा मिलिमीटर इकडे तिकडे, तर ती वाद घालत नसे. "थांबा, मी परत मोजते," एवढंच म्हणायची. आणि आकडा जुळेपर्यंत मोजत राहायची.

तीन आठवडे मी चुकीचा आकडा सांगत होतो.

तीन आठवडे ती परत मोजत होती. मांडीभर मातीखाली, पालथी पडून.

मजूर मिळाला असता. पण मी छिन्नी-हातोडा स्वतः घेतला. नवी फरशी फोडली. वरची माती कोरडी होती, खालची ओली. सळईच्या कडेनं मी हातांनी उकरत गेलो. पहिल्या घावाबरोबर टेपचा आवाज बंद झाला होता. खाली कुणीतरी श्वास रोखून वाट बघतंय, असं वाटत होतं.

जुनी फरशी लागली. मग पितळी खिळा.

तिथली माती नीट दाबलेली नव्हती. खिळ्याशेजारी थोडी पोकळी होती. मजुरांनी कामचुकारपणा केला असेल.

असेल.

मी खड्ड्यात डोकं आणि खांदे घातले. गाल फरशीला टेकवला.

मातीखालची फरशी गार असायला हवी होती…

गाल टेकतो तेवढीच जागा कोमट होती.

मी हलू शकलो नाही. भीतीनं म्हणू नका. मला तिथून गाल उचलायचा नव्हता.

मग टेप धरला. तीन आठवड्यांत मी सहा मिलिमीटर लिहिले होते. घर चांगलं बोटभर खाली गेलं होतं. भरावाच्या वजनानं. ती म्हणायची तसंच.

मी खरा आकडा मोठ्यानं म्हणालो. खड्ड्यात आवाज घुमला.

काही नाही. टेप नाही, पाणी नाही. शेजारचा रेडिओ तेवढा ऐकू आला.

त्याच दिवशी विद्यापीठात बु हस्तुतींकडे गेलो. दाराबाहेरच्या तिघा विद्यार्थ्यांची रांग मोडून आत शिरलो आणि सगळं सांगितलं. भराव, खोटे आकडे. फरशीखालचं नाही सांगितलं.

त्यांनी माझे तीन आकडे शोधून काढले.

"पाक कार्दी, भरावानं जमीन लवकर खचते हे दाखवायला तिनं दीड वर्ष घालवलं. आणि तुम्ही भराव टाकून लिहून पाठवलंत, काही फरक पडला नाही. तिच्या नावावर हेच छापलं गेलं असतं. कळतंय का?"

"कळतंय."

"पदवी मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही आता."

"नाही मिळाली तरी चालेल. खोटे काढून टाका."

तीन शुक्रवार कोरे राहिले. पुढचे सगळे मी खड्ड्यात उतरून मोजले. परीक्षक बसले, भांडले, पुन्हा बसले. शेवटी भरावानंतरचे आकडे म्हणजेच प्रबंधाचा खरा पुरावा, असं ठरलं. पदवी मिळाली. तिच्या वतीनं मंचावर मी गेलो. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मला खाली बघायचं होतं, पण फोटोवाला "वर बघा, काका" म्हणत होता.

आमच्याकडे लोक म्हणाले, चला, शांत झाली बिचारी.

झाली असेल.

पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. पालुपी रागावली की ओरडायची नाही. ती बोलायचं बंद करायची. संसारात दोनदाच असं झालं. दोन्ही वेळा मला वाटलं होतं की राग गेला, आणि दोन्ही वेळा मी चुकलो होतो.

त्या दिवसापासून टेपचा आवाज एकदाही आलेला नाही.

ती शांत झाली, की तिनं माझ्याशी बोलणं टाकलं? हे कोणाला विचारू?

खड्डा मी बुजवलेला नाही. भरतीला त्यात पाणी येतं, म्बाक यात्मी वरवंट्यासारखी रोज तेच वाटते, "बुजव रे बाबा." मी पंप लावतो आणि उपसतो.

आज शुक्रवार आहे. आकडा आता कुणाला नको आहे. तरी सकाळी उतरून मोजला. फरशी गार होती.

मग वर येऊन बसलो, आणि आकडा मोठ्यानं म्हणालो.

चुकीचा.

मुद्दाम.

थांबलो… बराच वेळ थांबलो. टेम्पेवाली येऊन गेली.

गेलेल्या माणसाला असं पुन्हा कामाला लावू नये, हे मला कळतं. दीड वर्ष ती ओल्या फरशीवर पडली, तेवढं पुरे होतं.

तरी मी आणखी एकदा म्हणालो.