बंद खोलीचा होकार

हिंगोलीतून पलटण उठून गेली आणि मागे तिच्या शिपायांच्या खोल्यांच्या दगडी लायनी राहिल्या. त्यातली एक लाईन काही घरांनी मिळून विकत घेतली, खोल्या आपसात वाटून घेतल्या. वर घरमालक नाही, भाडं मागायला कुणी येणार नाही, म्हणून सगळे खुशीत होते. पुढे कौलं गळू लागली, मोरी तुंबली, विहिरीचा रहाट मोडला, तेव्हा खुशी उतरली. मालक सगळेच, मग मोरीत हात कुणी घालायचा? जो तो आपलं दार लोटून घ्यायचा.

अखेर कारभार आळीपाळीनं करायचा ठरला. मोठ्या बाबतीत मात्र सगळ्यांचा होकार हवा. खोलीत कुणाला आणायचं असो की खोलीतून कुणाला जायचं असो, कारभाऱ्यानं फडकं झाकलेला गडू घेऊन दारोदार फिरायचं. होकार असेल त्यानं फडक्याखालून अख्खी सुपारी टाकायची, नसेल त्यानं खांड. एक खांड निघालं की विषय मिटला. एका खोलीतल्या तातेरावांचे सगळे मुलगे आपापली वेगळी सुपारी मागू लागले तेव्हा मोठं भांडण जुंपलं, आणि त्यातून नियम झाला की होकार खोलीचा, माणसाचा नाही.

त्या साली पाळी विष्णुपंतांची होती. कापसाच्या जिनिंगमधला हा कारकून नियमाला इतका चिकट, की स्वतःच्या घरी जातानाही दार वाजवील, असं लोक म्हणत. बायको वारलेली, घर बहीण गंगूताई सांभाळायची. लेक सुनीती बाळंतपणाला यायची होती. तिचं पहिलं लेकरू डोंगरकडा गावी, सासरच्या माणसांनी गजबजलेल्या घरात, डोळे उघडतं न उघडतं तोच गेलं होतं. या खेपेला बाळंतिणीला वेगळी, निवांत खोली द्या, असं सुईणीनं बजावलं होतं. विष्णुपंतांना दुसरं काही सुचत नव्हतं. हे लेकरू जगलं पाहिजे.

शेजारची खोली बंदच होती. ती रुख्मिणीबाईंची. एकट्याच राहायच्या, तोंडात सदा पान; आदल्या दिवाळीच्या सुमारास तिथंच गेल्या. मागं कुणी नाही. किल्ली कारभाऱ्याकडं असायची.

ती खोली सुनीतीला मिळावी म्हणून विष्णुपंत गडू घेऊन निघाले. सगळी दारं झाली आणि ते त्या बंद दारापुढंही थांबले. होकार खोलीचा, तर खोलीपुढं थांबायला नको? त्यांनी गडू उंबऱ्यावर ठेवला, सावकाश चष्मा पुसला आणि मग उचलला.

"दादा, आता कुलपाला सुपारी मागतोस व्हय?" गंगूताई हसली.

गडू उपडा केला तर खांड निघालं.

मग लाईनीत कुणाच्याच जिवाला स्वस्थता राहिली नाही. विहिरीवर बायका एकमेकींशी बोलेनात. सुपारीवरून झालेलं जुनं भांडण आठवून विष्णुपंतांचा राग तातेरावांवर.

"तातेराव, पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मंग माझ्याकडं काहून बघून राहिले? आमी अख्खीच टाकली. सुनीती आमची बी लेक हाय."

दुसऱ्या खेपेला फडकं काढून टाकलं. सगळ्यांदेखत ज्यानं त्यानं अख्खी सुपारी टाकली. शेवटी विष्णुपंतांनी गडू त्या उंबऱ्यावर ठेवला, मागच्यासारखाच, आणि चष्मा पुसला.

खांड निघालं. या वेळी ओलं होतं, त्याला पानाची लाली लागलेली. पलीकडच्या खोलीतल्या भावसिंगानं आपली लेकरं आत बोलावली आणि कडी लावून घेतली.

दुपारी, सगळी लाईन उन्हानं चिडीचूप असताना, विष्णुपंत त्या दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि भीतीही.

"रुख्मिणीबाई," ते हलकेच म्हणाले, "बाळंतपणापुरतीच द्या. लेकरू वाचू द्या."

दाराखालच्या फटीतून गार हवा आली, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास.

तिसऱ्या खेपेला सगळ्या सुपाऱ्या अख्ख्या निघाल्या. विष्णुपंतांना रडू आलं. कुलूप काढलं तर जमीन सारवलेली, अजून ओली. गंगूताईनं केलं असेल, असं ते मनाशी म्हणाले. गंगूताईला वाटलं, दादानं कुणाकडून करून घेतलं. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

सुनीती आली. मुलगी झाली, ठणठणीत. ती फारशी रडत नसे. तोंड वाकडं केलं की कुणी थोपटल्यासारखी लगेच गप्प व्हायची. "गुणाची पोर," गंगूताई म्हणायची. भिंतीपलीकडे मात्र विष्णुपंतांचा डोळा लागत नसे. सुनीती काहीबाही बोलायची, मधेच थांबायची. समोरच्याला बोलू दिल्यासारखी थांबायची, आणि मग हसायची.

जावई विश्वंभर बैलगाडी घेऊन न्यायला आला. विष्णुपंतांनी गडू ट्रंकेच्या तळाशी घातला. लेक सासरी निघाली, यात कुणाला काय विचारायचं? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी नियम मोडला होता.

बोचकी गाडीत चढली. विश्वंभर बैलांपाशी उभा. गंगूताई अंगणात. सुनीती तेवढी खोलीच्या दारात, दोन्ही हात चौकटीला लावून.

"बाबा, गडू फिरवला का?"

"फिरवला. सगळ्यांचा होकार आहे."

"असं कसं?" ती शांतपणे म्हणाली. "आम्ही तर अजून दिला नाही."

"वेडी का गं? बाळाला घे. ऊन चढतंय."

ती हलली नाही.

तिच्या खांद्यावरून त्यांनी आत पाहिलं. पाळणा झुलत होता. बाळ कोपऱ्याकडे बघून खुदखुदत होतं.

पाळण्याची दोरी कोपऱ्यातल्या अंधारात गेली होती. ती खेचली जायची, सैल व्हायची, परत खेचली जायची.

विष्णुपंतांनी उंबऱ्यावर पाय ठेवला.

पाळणा थांबला. दोरी तशीच ताणलेली राहिली.