तीन फुटांची जागा

हे वाचून कुणी हसलं तरी चालेल. पण त्या दिवशी मी पूर्ण शुद्धीत होते, आणि जे लिहितेय ते माझ्यासमोर घडलंय.

मी सुलेखा. आम्ही अमेरिकेत, जॉर्जियातल्या अल्फारेटाला राहतो. गावाच्या उत्तरेला घोड्यांचे फार्म आहेत. पांढरी कुंपणं, वळणावळणाचे अरुंद रस्ते. सुट्टीच्या दिवशी तिथे खूप लोक सायकलिंगला जातात. माझा नवरा गुरुनाथ त्यातलाच एक.

आणि त्याच्यासोबत कायम श्रीरंग. आमच्या मंडळातला. गुरुनाथचा तर हा 'श्री', धाकटा भाऊच म्हणा ना. आमच्या लेकीच्या, केयाच्या वाढदिवसाला हा आल्याशिवाय केक कापला जायचा नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये सकाळी दोघं राइडला गेले. मागून आलेल्या एका एसयूव्हीचा गुरुनाथला धक्का लागला.

तो जागीच गेला.

इथे कायदा आहे. सायकलवाल्याला ओलांडताना शक्य असेल तर लेन बदलायची. नसेल तर वेग कमी करायचा आणि निदान तीन फूट अंतर सोडायचं. पण ती गाडी चालवणाऱ्या बाईला पोलिसांनी साधं दंडाचं तिकीटसुद्धा दिलं नाही.

कारण साक्षीदार म्हणाला, गाडीने भरपूर जागा सोडली होती. गुरुनाथच एकदम डावीकडे, गाडीच्या वाटेत वळला.

साक्षीदार एकच होता.

श्रीरंग.

मी विश्वास ठेवला. श्रीरंग खोटं कशाला बोलेल? फक्त केया पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "बाबा वुडन्ट डू दॅट, आई. ही वॉज सो केअरफुल."

वीस वर्षं या माणसासोबत संसार केला मी. सिग्नल पिवळा झाला की थांबणारा माणूस तो. हळूहळू माझ्याही मनात ते टोचायला लागलं.

शेवटी मी श्रीरंगला फोन केला.

"मला ती जागा दाखव."

"वहिनी, कशाला उगाच त्रास करून घेता?"

"दाखव म्हटलं ना."

त्याने बरेच दिवस टाळलं. दिवाळीनंतरच्या रविवारी तयार झाला. दुपार कलली होती, पण लख्ख उजेड होता. त्याच्याच गाडीतून गेलो.

एका लांब कुंपणाजवळ त्याने गाडी गवतात घेतली. आम्ही उतरलो.

"इथेच," तो म्हणाला.

काहीच नव्हतं तिथे. काळा डांबरी रस्ता, कडेला पांढरी रेघ, वाळलेली पानं. मी बघत उभी राहिले.

आणि मग मला ते दिसलं...

लांबून एक गाडी येत होती. मध्येच तिने वेग कमी केला. रस्त्यामधली पिवळी रेघ ओलांडून पलीकडे गेली. थोडं अंतर तशीच चालली, मग परत आपल्या लेनमध्ये आली.

एखाद्या सायकलवाल्याला ओलांडावं तशी.

पण रस्त्याच्या कडेला कुणीच नव्हतं.

मला वाटलं, खड्डा असेल.

दुसरी गाडी आली. तिनेही तेच केलं. वेग कमी, बाजूला, पुन्हा आत. मग तिसरी...

पण जागा तीच नव्हती. पहिली गाडी वळली ती लांबच्या मेलबॉक्सपाशी. दुसरी त्याच्या अलीकडे. तिसरी त्याच्याही अलीकडे.

ज्याला त्या जागा देत होत्या, ते आमच्याकडे येत होतं...

"श्रीरंग, तुला दिसतंय का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग गाड्या यायच्या थांबल्या. वारा पडला. कुंपणापलीकडे दोन घोडे चरत होते, त्यांनी एकदम माना वर केल्या. दोघेही रस्त्याकडे बघत होते.

आणि आवाज आला...

टिक टिक टिक टिक...

पायडल न मारता सायकल नुसती सोडून दिली की मागच्या चाकातून येतो, तो आवाज. आमच्या ड्राइव्हवेवर दर शनिवारी ऐकलेला.

तो जवळ आला. अगदी समोर आला.

आणि थांबला.

श्रीरंगने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सॉरी यार गुरू... सॉरी..."

"कशासाठी सॉरी?" माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

"तो वळला नव्हता, वहिनी. सरळ चालला होता. गाडीच त्याच्या अंगावर आली. हातभरसुद्धा जागा सोडली नाही तिने."

"मग पोलिसांना...?"

"ती बाई खाली उतरली तेव्हा ओळखलं मी तिला. आमच्या कंपनीतली डिरेक्टर. ती बोलली काहीच नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या ग्रीन कार्डचं सगळं तिच्या हातात आहे. जॉब गेला तर दोन महिन्यांत देश सोडायचा. प्रीता, मुलं... पोलिसाने विचारलं आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं."

"तो तिथे पडला होता तेव्हा?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

माझा नवरा रस्त्यावर पडलेला असताना हा माणूस त्याच्यावर दोष ढकलत होता. आणि नंतर तेरा दिवस माझ्या घरी येऊन चहाचे कप विसळत होता. केयाला जवळ घेत होता.

मी त्याला मारलं नाही. ओरडलेही नाही. अंगात तेवढा जीवच नव्हता.

श्रीरंग रडत रडत मागे सरकत होता. कुठे चाललोय याचं त्याला भान नव्हतं. पांढरी रेघ ओलांडून तो रस्त्यावर गेला. पाठ रस्त्याच्या पुढच्या वळणाकडे.

मला वळण दिसत होतं. तिथून एक पिकअप ट्रक आला. भरधाव.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आणि तेवढ्यात...

"श्री! कार बॅक!"

ग्रुपमध्ये सायकल चालवताना मागून गाडी आली की असं ओरडून पुढच्याला सावध करतात.

श्रीरंगने उडी मारली. ट्रक त्याच्या शर्टाला घासून जावा इतक्या जवळून गेला. थांबलाही नाही.

तो गवतात पडून धापा टाकत होता. "थँक्स वहिनी... तुम्ही ओरडला नसतात तर..."

मी ओरडले नव्हते.

तो आवाज बाईचा नव्हता. तो कुणाचा होता, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

घरी सोडताना तो म्हणाला, "उद्याच इन्शुरन्सचं बघणाऱ्या तुमच्या वकिलांशी बोलतो. सगळं खरं सांगतो." माझ्या पाया पडला.

बुधवारी वकिलांचा फोन आला. श्रीरंगने आधीचंच स्टेटमेंट कायम ठेवलं होतं. गाडीने पुरेशी जागा सोडली होती, सायकलवाला स्वतः वळला. तो आणखी एक गोष्ट म्हणाला होता. वहिनी हल्ली फार स्ट्रेसमध्ये आहेत, त्यांना भास होतात.

त्या दिवसापासून त्याने माझा फोन उचललेला नाही. प्रीताही उचलत नाही.

मी त्या रस्त्यावर नंतर खूपदा गेले. एकटी. दुपारी, संध्याकाळी, एकदा तर पावसात. गवतात उभी राहते. गाड्या सरळ येतात, सरळ जातात. कुणी बाजूला होत नाही. कसलाच आवाज येत नाही.

भीती मला गुरुनाथची वाटत नाही.

पण झोप लागत नाही ती एका गोष्टीने. मीही तिथेच उभी होते ना... हात लांबवला तर लागेन इतक्या जवळ. इतक्या महिन्यांनी तो आला.

आणि त्याने हाक मारली ती श्रीला.