जयसिंगचा अर्धा निरोप

"माझी लाइन कोणीतरी मुद्दाम तोडतंय," दादासाहेब म्हणाले. "तो माणूस मला शोधून द्या."

खाजगी तपासनीस जान्हवीबाईंबरोबर बंडोपंत हिंजवडीजवळच्या चांदे गावी दादासाहेबांच्या घरी आले होते. निवृत्तीनंतर त्यांच्या घरी बोलायलाच कोणी उरलं नव्हतं. म्हणून ते बाईंबरोबर हिंडत, पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

टेबलावर जुना घरगुती कॉम्प्युटर आणि मॉडेम होता. दादासाहेबांचा मित्र जयसिंग कोल्हापुरात एकटा राहायचा. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला, तेव्हापासून दोघं रोज संध्याकाळी फोनच्या तारेवरून टाइप करून बोलत.

"दिवाळीपासून मध्येच तुटतंय. काल त्यानं लिहिलं, 'डॉक्टर म्हणतात', आणि पडदा गोठला!"

"साध्या फोनवर बोलताना तुटतं?" जान्हवीबाईंनी विचारलं.

"कधीच नाही. पण मुलीशिवाय मला फोन करतं कोण? आणि ती तरी करते कुठं?"

दादासाहेबांनी फ्लॉपी घालून यंत्र सुरू केलं. पडद्याच्या कोपऱ्यात छोटं घड्याळ उमटलं.

"हे काय?"

"स्वानंदनं दिवाळीत बसवून दिलं. वरच्या खोलीतला भाडेकरू. औषधाच्या वेळा झाल्या की घंटी वाजते. पोरगा भला आहे. बिघडलं की वरून येतो, स्वतःच्या फ्लॉपीवर सुरू करून देतो आणि ती परत घेऊन जातो. तोवर जयसिंग निजलेला असतो. मग आम्ही दोघं चहा घेत बसतो."

"संशय कुणावर?"

"स्वयंपाकाच्या तुळजाबाईवर. स्वयंपाकघरातला जोडफोन ती उचलत असणार. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगणार आहे."

तुळजाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आवो, त्या फोनची वायर उंदरानं कवाच कुरतडलीया. त्यो मुकाच हाय. मी कशापायी उचलू?"

जान्हवीबाईंनी आत जाऊन रिसीव्हर कानाला लावला. फोन खरंच मुका होता.

"म्हणजे दोष लाइनीचा," बंडोपंत म्हणाले.

"मग मुलीचं बोलणं का तुटत नाही?"

स्वानंदला त्यांनी कचेरीतून लवकर बोलावलं होतं. नांदेडचा हा पोरगा हिंजवडीत नोकरीला होता. "जुनं यंत्र आहे," तो म्हणाला. "चालायचंच."

"जोडून दाखवा."

त्यानं खिशातली फ्लॉपी काढून घातली. या वेळी कोपऱ्यात घड्याळ नव्हतं. मॉडेम किरकिरला, जोडणी झाली आणि टिकली.

"आता दादासाहेबांच्या फ्लॉपीवरून."

स्वानंदचा हात थबकला. मग त्यानं फ्लॉपी बदलली. जोडणी झाली. थोड्या वेळानं घंटी वाजली आणि पडदा तिथंच गोठला.

"कुणी तार तोडत नव्हतं," जान्हवीबाई म्हणाल्या. "घड्याळाचा प्रोग्राम पडद्यामागे जागा असतो. घंटीच्या क्षणी तो सगळं यंत्र स्वतःकडे ओढतो. मॉडेमच्या प्रोग्रामलाही त्याच क्षणी ते हवं असतं. दोघांची झटापट होते आणि जोडणी मरते. स्वानंदच्या फ्लॉपीवर घड्याळच नाही, म्हणून ती चालते."

"म्हणजे चूक झाली," बंडोपंत म्हणाले.

"पहिल्या दिवशी चूकच होती. पण ज्याच्याकडे बिनघड्याळाची फ्लॉपी तयार असते, त्याला दुखणं कळलेलं असतं. मग ती रोज खिशात घालून परत का न्यायची, स्वानंद?"

"दिवसभर माझ्याशी कोणी कामाशिवाय बोलत नाही," तो खाली बघत म्हणाला. "बिघडलं की काका हाक मारायचे. चहा व्हायचा. मला वाटलं, यांचं काय जातं? उद्या बोलतील मित्राशी."

बंडोपंत खिडकीबाहेर बघू लागले.

स्वानंदनं स्वतःची फ्लॉपी घातली आणि ती आता दादासाहेबांकडेच ठेवत असल्याचं सांगितलं. जोडणी झाली. कोल्हापुराहून रोमन अक्षरांतली मराठी एकेक करून उमटू लागली.

"डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. तू रोज मध्येच उठून जातोस. माझ्यावर रागावलास का?"

स्वानंदनं ते वाचलं आणि तोंड झाकून घेतलं. दादासाहेबांची बोटं कळांवर फिरू लागली. ते कितीतरी वेळ लिहीत राहिले.

पोरगा दाराकडे वळला.

"स्वानंद," मागे न बघता दादासाहेब म्हणाले. आवाज कडकच होता. "उद्यापासून काही बिघडलं नाही तरी खाली येत जा."