विट्याच्या वाटेवर आटलेलं पाणी

ही गोष्ट खरी आहे. तुम्ही ती मानावी असा माझा आग्रह नाही. पण ज्यांच्या बाबतीत ती घडली, त्यांना मी कधी थाप मारताना पाहिलं नाही.

ते म्हणजे माझ्या वडिलांचे चुलते, गुंडाअण्णा. मूळचे सांगलीकडचे. त्या काळी वडूजला एका व्यापाऱ्याची जुनी मोटार चालवायचे. बिघडली की दुरुस्तही स्वतःच करायचे.

साल १९४४. वैशाख महिना.

आणि वेळ रात्रीची नव्हती... भर दुपारची होती.

वडूजजवळच्या एका वाडीत पटकीची साथ शिरली होती. माणसं जुलाब-उलट्यांनी दोन दिवसांत सुकून जात होती. त्या वाडीतली अंबूबाई सकाळी मोटारीपुढे येऊन आडवीच झाली. तिची सून विजयमाला पहाटेपासून पटकीनं पडली होती. मुलगा लढाईवर, ब्रह्मदेशाकडे. घरात दुसरं कुणी नाही.

"अण्णा, मिरजंच्या दवाखान्यात न्ह्या माझ्या सुनंला. पोरगं परत आल्यावर त्याला काय तोंड दावू?"

पटकीच्या रोग्याला गाडीत घ्यायला कुणी धजत नव्हतं. अण्णांनी मात्र मालकाला न विचारता गाडी काढली. मागच्या सीटवर विजयमालेला निजवलं. पायाशी अंबूबाई बसली.

मिरज साठ मैल. मायणी, विटा, तासगाव, सांगली आणि मग मिरज.

निघाल्यापासून विजयमाला एकच शब्द बोलत होती.

"पाणी..."

"देऊ नगा," अंबूबाई म्हणाली. "पाणी दिलं की पोटात ठरत न्हाई, मानूस जातं. समदी म्हनत्यात."

तेव्हा समजूतच तशी होती. अण्णांनाही तेच ठाऊक होतं. त्यांनी नजर रस्त्यावर ठेवली. मागून मिनिटामिनिटाला तोच आवाज येत होता.

"आत्या... पाणी..."

मायणी मागं पडली आणि बॉनेटमधून वाफेचा फवारा उडाला.

अण्णा खाली उतरले. इंजिन तापलेलं. लगेच गार पाणी ओतावं तर इंजिन तडकायची भीती. थांबणं भाग होतं. वीस मिनिटं! मागे माणूस मरतंय आणि आपण उन्हात उभे. अण्णा सांगायचे, तेवढा वेळ आपल्याला उभ्या जन्मात कधी जड गेला नाही.

शेवटी गोणपाट धरून त्यांनी रेडिएटरचं टोपण काढलं.

आत पाणी नव्हतं.

सकाळी काठोकाठ भरलेलं. चौदा-पंधरा मैलांत सगळं संपलं?

म्हणजे गळती. अण्णा गाडीखाली शिरले. रबरी नळ्या चाचपल्या, कोरड्या. पाणी सोडायचा खालचा कॉक घट्ट. पाण्याच्या पंपाशी बोट फिरवलं, ओल नाही. इंजिनच्या आत पाणी झिरपत असेल तर तेल ताकासारखं पांढरट होतं. त्यांनी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल काळंभोर.

त्यांनी बरोबरच्या डब्यातलं पाणी ओतलं, खाली गोणपाट अंथरलं आणि पाहत बसले. एक थेंबही पडला नाही.

गाडी चालू केली. निघाले.

मैलभर गेल्यावर अण्णांच्या लक्षात आलं... मागचा आवाज थांबलाय.

विजयमाला पाणी मागत नव्हती.

"मावशी, हाय का वो?"

"हाय. धुगधुगी हाय."

अण्णांनी वेग वाढवला.

विट्याच्या अलीकडे पुन्हा वाफ. पुन्हा टोपण काढलं. पुन्हा आत ठणठणीत कोरडं.

या खेपेला जवळ विहीर होती. अण्णा दोन डबे खांद्यावर टाकून धावत गेले, धावत आले. रेडिएटरला डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर असावी, एवढंच आता उरलं होतं. अशा वेळी ड्रायव्हर लोक पाण्यात हळद टाकत. ती चिरेत जाऊन बसते आणि गळती थांबते.

"मावशी, हळद हाय का कुठं?"

अंबूबाईनं पदराची गाठ सोडली. आत पालीच्या खंडोबाचा भंडारा होता. देवाची हळद. सुनेच्या कपाळाला लावायला घेतलेली.

तिनं ती मुठीनं रेडिएटरमध्ये टाकली आणि हात जोडले.

विटा गेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. उन्हानं रस्ता नुसता हलत होता. आणि मग अण्णांना आवाज आला...

घट... घट... घट...

कुणीतरी घाईघाईनं पाणी पीत होतं. अगदी पाठीमागे.

"मावशी, तिला पाणी दिलं का?"

"न्हाई वो. पाणी हाय कुठं माझ्यापाशी? डबा तुमच्या पायाशी हाय."

डबा खरंच अण्णांच्या पायाशी होता. आवाज थांबला. दोन फर्लांगांवर गाडीतून वाफ उसळली.

अण्णा उतरले ते थेट मागच्या दाराशी गेले. विजयमाला डोळे मिटून पडली होती. गाल बसलेले, हात लाकडासारखे.

पण ओठ ओले होते...

ओले, आणि पिवळे. हनुवटीवरून हळदीचा एक ओघळ गळ्यापर्यंत आला होता. उशाशी सीटवर पिवळ्या पाण्याचा पंजा उमटलेला. पाच बोटं. लांब.

अंबूबाईनं आपले दोन्ही हात पुढे केले. भंडाऱ्याची पूड बोटांना चिकटली होती. हात कोरडे होते.

"द्येवानं पाजलं," ती कुजबुजली.

देवाचा हात असा असेल असं अण्णांना वाटलं नाही.

डब्यात अर्धंच पाणी उरलं होतं. आसपास विहीर नाही, वस्ती नाही. मिरज अजून तीस मैलांच्या वर. हे पाणी गाडीला घालावं, की या पोरीच्या तोंडात? गाडी थांबली तर ती इथंच संपणार. आणि गाडीला घातलं तर ते जाणार कुठं, हे आता समोर दिसत होतं.

अण्णांनी अर्धा डबा रेडिएटरमध्ये ओतला आणि मोकळ्या माळाकडे तोंड करून मोठ्यानं ओरडले,

"कोन हाय त्यानं प्या! पर गाडी मिरजंला पोचू दे! हिचं कुनी न्हाई हिथं!"



गाडी निघाली. तासगाव गेलं, सांगली गेली. अण्णांची नजर बॉनेटवर खिळलेली. वाफ आली नाही. मागून मात्र मधूनमधून तो आवाज येत राहिला. अंबूबाई डोळे मिटून खंडोबाचं नाव घेत होती.

दिवस कलताना गाडी मिरजेच्या दवाखान्यात शिरली. विजयमालेला आत नेलं. शिरेतून मिठाचं पाणी सुरू झालं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "वाटेत पाणी पाजलंत म्हणून हाती लागली. कुणी पाजलं?"



अण्णांनी जाऊन टोपण काढलं. आत हात घातला. थेंब नव्हता. एवढ्या मैलांत इंजिन जळून अडकायला हवं होतं. त्यांनी इंजिनावर तळवा टेकवला...

गार होतं. माठासारखं.

गाडी तिथंच सोडून अण्णा चार दिवस दवाखान्याच्या ओसरीवर राहिले. चौथ्या दिवशी विजयमाला उठून बसली. त्यांनी हळूच विचारलं,

"ताई, गाडीत तुला पाणी कुनी दिलं?"

"ती बाई होती की, दादा. माझ्या उशाला बसल्याली. लय तान्हेली होती वो ती. आदी सोता प्यायची. मी मागितलं की म्हनायची, थांब, माझं झालं की तुला. मग वंजळीनं द्यायची. कोमट लागायचं, लोखंडावानी."

"दिसाया कशी होती?"

"तोंड न्हाई बगितलं. हात तेवडं दिसत व्हतं."

अण्णांनी विचारलं,

"मग ती उतरली कुठं?"

विजयमालेनं त्यांच्याकडे नवलानं पाहिलं.

"ती कुठं उतरली? मी उतरले."

बाहेर दवाखान्याच्या फाटकाशी, उन्हात, मोटार उभी होती. मालकाचा निरोप आला होता, गाडी घेऊन आजच ये.

परतीचे साठ मैल. अंबूबाई सुनेपाशी थांबली. गाडीत अण्णा एकटे.

त्या प्रवासाचं अण्णांनी कधीच काही सांगितलं नाही. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते उठून बाहेर गेले. त्यांच्या मुलाकडून एवढंच कळलं की वडूजला पोहोचल्यावर त्यांनी किल्ली मालकाच्या उंबऱ्यावर ठेवली आणि त्या दिवसापासून मोटारीला हात लावला नाही. पुढे चाळीस वर्षं सांगलीत सायकली दुरुस्त केल्या.

ती मोटार पुढे कुणाकडे गेली, मला माहीत नाही. शोधायचा प्रयत्न मी केला होता. मग मध्येच सोडून दिला.