पाणी मागणारं जहाज

खोटं कशाला सांगू, त्या घरी जायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण सुट्टी संपत आली होती, म्हणून एका दुपारी धुळ्याहून पारोळ्याला गेलो. गिरधरच्या वडिलांना, वना नानांना, एक गोष्ट कबूल करायची होती.

मी जहाजावर अधिकारी आहे. बंदरात जागा मिळेपर्यंत जहाजं बाहेर, डोंगराच्या आडोशाला नांगर टाकून उभी राहतात. मार्केटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते ना, तशी. आमच्या शेजारचं जहाज मालकानं खलाशांसकट वाऱ्यावर सोडलं होतं. गिरधर त्याच्यावर होता. वायरलेसवर आमच्या अहिराणीत गप्पा चालायच्या. एक दिवस तो म्हणाला, "युवराजभाऊ, पानी सरी गयं. थोडं धाडशी का?"

"थांब, कॅप्टनला विचारतो," म्हणालो. विचारलं नाही. माझं प्रमोशन अडलं होतं. नसती ब्याद कशाला, म्हणून चॅनेलच बदलला. लाज वाटते सांगायला. तिसऱ्या दिवशी आम्हाला बंदरात जागा मिळाली. पुढच्या आठवड्यात गिरधर गेल्याची बातमी आली.

नाना ओट्यावर बसले होते. नाव सांगताच त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"तुम्हना लई उपकार, भाऊ. पोऱ्या तहानेला गया नही. तुम्हीन पानी धाडं म्हने."

"कोण म्हणालं, नाना?"

"गिरधर. कालदिन बोलना."

दीड महिन्यापूर्वी नानांनीच त्याला अग्नी दिला होता.

"रोज चारले फोन करस," ते हळूच म्हणाले. "लोके येडा म्हनतीन, म्हनीसन कोनले सांगत नही."

"नाना, मी पाणी..." एवढंच बोललो, आणि खाटेवरचा फोन वाजला. नानांनी तो कौतुकानं माझ्या कानाला लावला.

आधी नुसती करकर आली. वाऱ्यानं जहाज फिरलं की नांगराची साखळी करकरते, तीच. ओल्या गंजाचा वास नाकात शिरला. मग कोरड्या घशातून, अगदी जवळून...

"भाऊ... मी नानाले सांगी टाकं, तू पानी धाडं. नाना निवांत शेतस... आते तरी पानी धाड ना..."

नाना माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हने?"

कबूल करायचं ते तेव्हाच करायला हवं होतं. माझ्याच्यानं झालं नाही.

"बरा आहे म्हणतो, नाना."

ते समाधानानं हसले. फोन अजून माझ्या कानाशीच होता. गिरधरच्या मागे आणखी माणसं होती. कुणी हिंदीत, कुणी बंगालीत, सगळी पाणीच मागत होती, आणि प्रत्येक जण मला नावानं हाक मारत होता.